घनाच्या नऊ कडा

पोळ्यानंतरच्या सोमवारी, दुसरा तास चालू असताना, किसन तायडे यांनी आपली मुलगी सुमन हिला नववीच्या वर्गातून उठवून घरी नेले. कारण विचारले तेव्हा त्यांनी वर्गाच्या मधोमध उभ्या असलेल्या बांबूच्या आकृतीकडे बोट दाखवले. महाराष्ट्र राज्य होऊन तिसरे वर्ष चालू होते.

त्या शाळेत मी गणित शिकवत होतो आणि ती आकृती माझ्या सांगण्यावरून बांधली होती. गाव नांदुरा तालुक्यातले, वडनेर भोलजीपासून दोन कोस आत. नाव देत नाही; या हकिकतीतली बरीच माणसे अजून तिथेच राहतात. शिक्षक होण्यापूर्वी तीन वर्षे मी अकोल्याच्या एका दैनिकात बातम्या तपासायला होतो. तिथली शिस्त अशी, की आधी काय घडले ते लिहायचे, मग का घडले ते. मत मागितले तरच द्यायचे. या अंकाच्या संपादकांनी मत मागितलेले नाही, ‘वर्गातल्या गमतीजमती’ मागितल्या आहेत. माझ्याकडे गमती कमी आहेत. हे एक प्रकरण आहे.

त्याची सुरुवात आधीच्या वर्षीच्या सहामाही परीक्षेत झाली. मी एक प्रश्न घातला होता: घनाला कडा किती? ज्यांची भूमिती सुटली आहे त्यांच्यासाठी सांगतो. फाशाचा आकार तो घन. त्याला सहा बाजू, आठ कोपरे आणि बारा कडा. वर्गातल्या बहुतेकांनी ‘नऊ’ लिहिले. घनफळाचे सूत्र मात्र सगळ्यांना तोंडपाठ होते. नक्कल झाली असावी म्हणून मी पेपर पुन्हा तपासले. नक्कल नव्हती. पुस्तकातल्या चित्रात घनाच्या नऊच कडा दिसतात. उरलेल्या तीन मागच्या अंगाला असतात. मुलांनी चित्र प्रामाणिकपणे मोजले होते. ही चूक त्यांच्या नावावर मांडायला मी नकार दिला आणि ‘नऊ’ लिहिणाऱ्यांनाही गुण दिले. हेडमास्तरांशी माझा पहिला वाद त्या गुणांवरून झाला. ते गुण मी कमी केले नाहीत.

मागच्या तीन कडा दाखवण्याचे दोन मार्ग होते. शाळेत एक लाकडी ठोकळा होता. तो कपाटात कुलपात असे, वर्षातून एकदा टेबलावर येई आणि पहिल्या बाकापलीकडे कोणाला नीट दिसत नसे. दुसरा मार्ग म्हणजे मुलांनी आपल्या हाताने घन बांधायचा, आणि तो इतका मोठा की आत शिरून बसता येईल. नऊ काड्या घेऊन बसले की घन पुरा होत नाही. मग पोरे आपसूक आणखी तीन शोधायला उठतात.

पहिला घन तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, केला. तो मोडला. मग संग्रामपूरकडून बाजाराला येणाऱ्या गाड्यांवरून बांबू घेतले आणि उभे फोडून त्यांच्या काड्या केल्या. सांध्यांना सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या वापरल्या. मलकापूरचे सायकलवाले त्या तशाच देऊन टाकत. बांबूचा घन उभा राहिला आणि लगेच एका अंगाला कलला. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, याले कोनं पाजली?” वर्ग हसला. मग प्रत्येक बाजूच्या चौकोनात एक तिरपी काडी बांधली. घन ताठ झाला. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही, हे समजावायला पुस्तकात अर्धे पान खर्च झाले आहे. ज्यांच्या घरी दर वर्षी छप्पर बांधतात त्या मुलांना ते आधीपासून ठाऊक होते. त्याला भूमिती म्हणतात हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

पुढच्या वर्षी आम्ही विंशतिफलक घ्यायचे ठरवले. नाव जड आहे, वस्तू तशी नाही. सारख्या मापाच्या वीस त्रिकोणांनी चारी बाजूंनी बंद झालेली, जवळजवळ चेंडूसारखी आकृती. तीस काड्या, बारा सांधे, प्रत्येक सांध्यावर पाच काड्या. एक मीटरची काडी धरली तर आकृती नववीच्या पोराच्या डोक्याला लागते. मीटर मी मुद्दाम धरला. मापे नुकतीच बदलली होती, पुस्तकात मीटर आला होता आणि गावात गजच चालू होता.

कामाची वाटणी मी केली. ज्यांच्या हाताला कोयत्याची सवय ते फोडणार. ज्यांचे अक्षर चांगले ते मापणार आणि वहीत नोंद ठेवणार. कोणती काडी, किती लांब, काय चुकले, कोणी दुरुस्त केले, असे रकाने मीच आखून दिले होते. वाटणी सोयीची होती. त्या वेळी मला तिच्यात दुसरे काही दिसले नाही.

काड्या बांधायला घेतल्या तेव्हा शाळेचे चपराशी बाबूमियां दारात उभे होते. ते म्हणाले, “मास्तर, हे ताबूत बांधाचं काम हाये. पैले साऱ्या गाठी ढिल्या ठेवा. एक एक कसत गेले का वाकडा होते.” आम्ही कसत गेलो होतो. सगळ्या पट्ट्या सोडल्या, त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा बांधल्या. तरीही शेवटचा सांधा जुळेना. पाच काड्यांपैकी दोन पोचत नव्हत्या आणि एक बाहेर डोकावत होती. तीन तास त्यात गेले. हेडमास्तर खिडकीतून पाहून गेले आणि जाताना त्यांनी रोजचा प्रश्न विचारला: पोर्शन कुठवर आला? पोर्शन दोन प्रकरणे मागे होता. मी तसे सांगितले.

चूक सुमन तायडेने काढली. ती फोडणाऱ्यांत होती. तिने सुटलेल्या काड्या जमिनीवर एकमेकींना लावून ठेवल्या आणि म्हणाली, “सर, बांधन्यात काही चूक नाही. ह्या काड्या दोन मापाच्या हायेत.”

मापणाऱ्यांचा म्होरक्या प्रभाकर देशमुख होता. शाळेच्या समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब देशमुख यांचा मुलगा. हुशार, अक्षर उत्तम. तो चिडला. “म्या तं एकूनएक मोजली वं.”

“हाव, मोजली. पन कायनं मोजली?”

मीटरपट्टी शाळेत एकच होती. ती दुसऱ्या गटाकडे होती म्हणून प्रभाकरने घरून कापड मोजायचा लोखंडी गज आणला होता. गज छत्तीस इंचांचा, मीटर त्याहून तीन इंचांवर थोडा जास्त. निम्म्या काड्या गजाच्या, निम्म्या मीटरच्या. काड्या बदलल्यावर शेवटचा सांधा एका मिनिटात बसला. चूक सापडली तेव्हाच मी सुमनला शाबास म्हणालो होतो आणि तिचा कोयता तिच्या हातात परत दिला होता, कारण बदली काड्या फोडायच्या होत्या. प्रभाकरला म्हणालो होतो, वहीत दुरुस्ती लिही.

पुढच्या सोमवारी किसन तायडे आले.

मी त्यांच्यामागे पटांगणात गेलो. सुमन दप्तर घेऊन फाटकाशी उभी होती.

“किसनराव, झालं काय?”

“काय व्हाचं राह्यलं, मास्तर? माह्या बापानं जन्मभर गावची काठी वागवली. पाटलाचं टपाल, साहेबाची खाट, मेलेलं ढोर, जे सांगतलं ते. आमी धर्म घेतला त्याच साली ते काठी ठेवली. पोरगी शाळेत कायले टाकली? बांबू फोडाले?”

“वर्गातली मुलं सगळीच काम करतात.”

“सारी? देशमुखाचं पोट्टं फोडते?”

“तो मोजतो.”

“गजाची चूक कोनं काढली?”

“सुमनने.”

“वहीत नाव कोनाचं हाये?”

ते उत्तराची वाट न पाहता निघाले.

संध्याकाळी मी वही उघडली. ‘दुरुस्त करणाऱ्याचे नाव’ या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले होते: प्रभाकर देशमुख. वहीची पहिली पाने चाळली. फोडणाऱ्यांची यादी आणि मापणाऱ्यांची यादी समोरासमोर होत्या. फोडणाऱ्यांत एकही नाव पेठेतले नव्हते. मापणाऱ्यांत एकही नाव गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीतले नव्हते. कोणाच्या हाताला कोयत्याची सवय आहे हे मी मुलांना विचारले होते. ती सवय कोणी लावली हे विचारले नव्हते. दुसऱ्याने आणलेल्या बातमीवर तिसऱ्याचे नाव घालणे याला दैनिकात काय म्हणतात ते मला पुरते माहीत होते. तीन वर्षे त्यावरून मी लोकांशी भांडलो होतो.

आकृती बांधायला लावली याचा मला त्या दिवशी पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही. वाटणीचा झाला.

दैनिकात चूक झाली तर खुलासा त्याच जागी छापतात. मंगळवारी मी वर्गासमोर वही उघडली, प्रभाकरचे नाव एका रेघेने खोडले, वर ‘सुमन किसन तायडे’ लिहिले, शेजारी सही केली आणि ते मोठ्याने वाचले. प्रभाकर उठला. “सर, तुमीच सांगतलं होतं लिहाले. नाव कोनाचं ते नाही सांगतलं.” ते खरे होते. मी तसेही वर्गाला सांगितले.

पुढच्या सोमवारपासून नव्या आकृतीची कामे हजेरीपटाच्या क्रमाने सुरू झाली. आठवडाभर कोयता, मग मीटरपट्टी, मग वही. कोयता पहिल्या पाळीत प्रभाकरकडे आला. तिसऱ्या दिवशी त्याने अंगठा कापून घेतला. जखम लहान होती. बाबूमियांनी हळद दाबली. चौथ्या दिवशी भाऊसाहेब शाळेत आले. हेडमास्तरांनी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

“मास्तर, माह्या पोराच्या हाती कोयता कोनं देला?”

“मी. त्याचा नंबर होता.”

“फोडनारे मेले काय?”

“त्यांनी दोन महिने फोडले. आता हा फोडेल.”

“आमच्या घरी कोयता गड्याच्या हाती असते.”

“शाळेत तो हजेरीपटाप्रमाणे असतो.”

“बुरडकाम शिकवासाठी नाही ठेवलं तुमाले.”

“भूमिती शिकवायला ठेवलं आहे. तीच चालू आहे. बसा, एक तास पहा.”

ते बसले नाहीत. दोन दिवसांनी हेडमास्तरांच्या सहीने लेखी सूचना आली: वर्गातील बांबूची रचना तपासणीपूर्वी हलवावी. मी त्याच कागदावर उत्तर लिहिले: ‘रचना वर्गाच्या दारापेक्षा मोठी आहे. हलवायची झाल्यास वर्गासमोर मोडावी लागेल. मोडणाऱ्याचे नाव कळवावे, म्हणजे वहीत नोंद करता येईल.’ दार तीन फूट रुंद होते. नाव कळवण्यात आले नाही.

हेडमास्तर वाईट गृहस्थ नव्हते. मधल्या सुटीत ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “अहो, तुमची नेमणूक वर्षावर्षाची आहे. जरा दमानं घ्या.” मी म्हणालो, नेमणूक वर्षाची आहे हे मला माहीत आहे. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. सतत गैरहजर विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी करण्याचा नियम होता. सुमनच्या बाबतीत तो दिवस येत्या शनिवारी येणार होता. एकदा नाव कमी झाले की पुन्हा प्रवेश समितीच्या मर्जीवर. समितीची मर्जी त्या आठवड्यात काय होती ते सांगायला नको.

रविवारी मी किसन तायड्यांच्या घरी गेलो. सुमन अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. उठून आत गेली. मी शनिवारचे सांगितले. नंतर म्हणालो, “वाटणी माझी चुकली. ती बदलली. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. येऊन पहा.”

“अन् नाही आलो तं?”

“तर नाव कमी होईल. मी ते थांबवू शकत नाही.”

“तुमच्या हाती काय हाये मंग?”

“वर्ग आहे.”

सुमनच्या आईने चहा आणून ठेवला.

गुरुवारी दुसऱ्या तासाला ते दारात येऊन उभे राहिले. धुतलेला पांढरा सदरा, हातात टोपी. मी वर्ग थांबवला नाही. अंगठ्यामुळे बुडालेले कोयत्याचे दिवस भरून काढायला प्रभाकर जमिनीवर बसून बांबू फोडत होता, अंगठ्याला चिंधी होती. किसनराव बराच वेळ त्याच्या हाताकडे पाहत राहिले.

“बाबू, कोयता उलटा धरून राह्यला. कोनं शिकवलं?”

“तुमच्या सुमनचं पाहून पाहून शिकलो, काका. ती असती तं सांगतलं असतं तिनं.”

“हिसाबाची वही कोनाजवळ हाये?”

वही तिसऱ्या रांगेत, एका रिकाम्या जागेवर ठेवलेली होती. मी ती आणून दिली. त्यांना अक्षरे वाचता येत नव्हती. पान कोरे आहे हे दिसत होते.

“कोरी काऊन?”

“या आठवड्यात वहीचा नंबर सुमनचा आहे. ती गैरहजर आहे. तिच्या पानावर दुसऱ्याने लिहायचं नाही.”

त्यांनी मागची पाने उलटली आणि खाडाखोड दिसली तिथे थांबले. वही प्रभाकरसमोर धरली. “वाच बाबू.”

प्रभाकरने वाचले: “काड्या दोन मापांच्या. दुरुस्ती: सुमन किसन तायडे.”

“अजून एकडाव.”

प्रभाकरने पुन्हा वाचले. किसनरावांनी वही मिटून त्या रिकाम्या जागेवर ठेवली आणि निघून गेले. शुक्रवारी सकाळी हजेरीला सुमनने ‘हजर’ म्हटले. आठवड्याचे चार दिवस कोरे गेले म्हणून तिने आधी माझ्याशीच वाद घातला. तिला वहीचा पुरा आठवडा हवा होता. तो तिला मिळाला.

तपासणी दिवाळीच्या सुटीनंतर झाली. शिक्षणखात्याचे साहेब बुलढाण्याहून आले. त्यांनी आकृतीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “ही कोणी मोजली?” सुमनने हात वर केला. मी तिला नेमले नव्हते. वहीचा नंबर त्या आठवड्यात दुसऱ्या मुलाचा होता.

“कडा किती?”

“तीस, सर.”

“पाठ केलंस?”

“नाही, सर. वीस तिकोन हायेत. एकाएकाच्या तीन कडा, म्हंजे साठ. पन एक कड दोन तिकोनांत असते, म्हनून अर्ध्या.”

“एक कड दोघांत कशी?”

“धुऱ्यासारखी, सर. दोन वावरांत धुरा एकच असते. दोघंही आपला म्हनते, पन मोजा लागते एकदाच.”

साहेब हसले. धुरा म्हणजे शेताचा बांध. त्यांना तो शब्द माहीत होता. “तुमचं वावर कोणत्या शिवारात?”

“आमाले वावर नाही, सर. धुऱ्यावरून रोज जातो.”

भाऊसाहेब समितीतर्फे तिथे हजर होते. साहेबांनी तिला बसायला सांगितले आणि पुढच्या वर्गात गेले. शेरेबुकात त्यांनी माझ्या वर्गाविषयी दोन वाक्ये लिहिली. पहिले, विद्यार्थ्यांची उत्तरे समाधानकारक. दुसरे, वर्गात अनावश्यक साहित्य आहे, ते दूर करावे. मी दोन्ही वाचली आणि खाली सही केली. साहित्य दूर केले नाही.

पुढच्या जूनमध्ये माझी नेमणूक वाढवली गेली नाही. कारण कळवले नाही. मी लेखी विचारले. उत्तर आले नाही. मलकापूरच्या बाजूला दुसऱ्या शाळेत जागा मिळाली. तिथेही बांबू आणले. तिथल्या हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारले, हे अभ्यासक्रमात आहे का? मी म्हणालो, घन अभ्यासक्रमात आहे. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी बांधत राहिलो आणि कामाची वाटणी पुन्हा कधी ‘कोणाला काय येतं’ यावर केली नाही. यामुळे काम हळू होते. बोटे कापतात, काड्या वाया जातात, पोर्शन मागे राहतो. हे सगळे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही.

जुन्या शाळेतल्या त्या विंशतिफलकाचे काय झाले याबद्दल दोन हकिकती ऐकल्या. एकीप्रमाणे तो उन्हाळ्यात कापला, दुसरीप्रमाणे दाराची चौकट काढून बाहेर नेला. मी पाहिलेले नाही.

सुमन पुढच्या वर्षी वर्गात होती. त्याच्या पुढच्या वर्षीही. मॅट्रिकला ती मलकापूर केंद्रावर बसली. भूमितीचा पेपर तिने वेळेआधी सोडवला असे तिच्याबरोबरच्या तिघांनी वेगवेगळे सांगितले. तिला स्वतःला मी भेटलो नाही.

निकालात पास झालेल्यांचे फक्त आसनक्रमांक वर्तमानपत्रात छापून येत. त्या दिवशी सकाळी मलकापूर स्टेशनवर, अंकाचा गठ्ठा गाडीतून उतरला तेव्हा, किसन तायडे फलाटावर होते. मीही होतो. मी अंक घेतला आणि विचारले, “नंबर सांगा, मी पाहतो.”

“द्या इकडे,” ते म्हणाले. “आकडे येते मले.”

त्यांनी अंक फलाटावर पसरला, गुडघे टेकले आणि बोट ठेवून एक एक रांग खाली आणली. मला हात लावू दिला नाही. गाडी निघून गेली. चौथ्या रांगेत त्यांचे बोट थांबले. खिशातून त्यांनी कागदाचा तुकडा काढला, त्यावरचा आकडा छापील आकड्याशेजारी ठेवला आणि दोन्ही पुन्हा वाचले. आकडा तोच होता.